तीन कुलपांचं खुराडं

काही माणसं डावखुरी जन्माला येतात, तसा माझा मामा घाबरट जन्माला आला. त्याला कुणी घाबरवलं होतं, लहानपणी काही घडलं होतं, असं काही नाही. आई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. ती सांगायची की पाळण्यात असतानाही हा आधी दचकायचा आणि आवाज मागाहून यायचा.

असा माणूस कुलपांच्या धंद्यात पडला. आमचं घर आगगाडीच्या डब्यासारखं लांबट. रस्त्याकडच्या खोलीत मामाचं दुकान, त्यामागे आईची खोली, मग स्वयंपाकघर, मग मामाची खोली आणि शेवटी फरसबंद अंगण. दुकानात भिंतभर खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर न कोरलेल्या किल्ल्यांचे झुबके. गिऱ्हाइकाच्या दाराला कुलूप बसवून झालं की मामा ते लावून, ओढून बघायचा. मग पिशवी उचलून दहा पावलं जायचा आणि परत येऊन पुन्हा ओढून बघायचा. शेजारच्या इस्त्रीवालीनं त्याचं नाव ‘दोनदा’ पाडलं. ते इतकं रुळलं की लोक दुकानात येऊन सरळ विचारायचे, “दोनदा आहेत का?”

“आहे, आहे,” मामा म्हणायचा. तेही दोनदाच.

गॅसची कळ, उघडी गटारं, अवेळी वाजणारा फोन, कुत्री, जिना उतरताना मागून येणारं माणूस, या सगळ्याला तो घाबरायचा. पण ती रोजची भीती, अंगवळणी पडलेली. त्याची खरी भीती वेगळी होती. तिशीत असताना त्याला एका घरी बोलावलं होतं. म्हातारे दोन दिवस दार उघडत नव्हते. मामानं चार मिनिटांत कुलूप काढलं. बाकीचे मागे थबकले आणि दार ढकलायची पाळी त्याच्यावर आली. म्हातारे दारापासून हातभर अंतरावर पडले होते, कडीकडे हात करून. तेव्हापासून कुठलंही बंद दार उघडण्याआधी मामा बोटाच्या पेरानं टकटक करतो आणि विचारतो, “कुणी आहे का?” घरमालक शेजारी उभा राहून किल्ली हरवल्याची कहाणी सांगत असला तरी विचारतो. आतून उत्तर येणार नाही हे त्याला ठाऊक असतं, आणि ते आलं नाही की त्याच्या कपाळावर घाम येतो.

आई मात्र दुसऱ्याच मातीची. तिनं अठ्ठावीस वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम केलं. काचेची भांडी धुवायची, आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, मुलांनी भाजून घेतलेल्या बोटांना मलम लावायचं. ती निवृत्त झाली त्याच वर्षी शाळेनं प्राण्यांचा कोपरा बंद केला. तिथल्या तीन गिनीपिगना कुणी वाली नव्हता. आईनं त्यांना चंचुपात्रांच्या रिकाम्या खोक्यात घालून घरी आणलं. तिघी माद्या. काळी-पांढरी सगळ्यांत मोठी, ती बीकर. तांबूस, जिच्या नाकाचा शेंडा निमुळता, ती नरसाळी. आणि कुणी हात लावला की चावणारी करडी, ती चिमटी.

चार वर्षं त्या आईच्या खोलीत राहिल्या. एवढ्या काळात मामानं त्यांना एकदाही हात लावला नाही. एखादी सुटून त्याच्या खोलीत शिरली तर हा खुर्चीवर चढायचा.

“अरे, एवढीएवढीशी जनावरं! शेपूटसुद्धा नाही त्यांना,” आई म्हणायची.

“शेपूट नाही म्हणूनच तर,” मामा खुर्चीवरून म्हणायचा, “पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं ते कळत नाही.”

मग आईची छाती बिघडली. आधी जिना चढताना धाप, मग बोलताना. छातीच्या डॉक्टरांनी घरात काय काय आहे ते विचारलं आणि सांगितलं, गवताची धूळ आणि जनावरांचे केस आजच्या आज बाहेर. आईनं दोन दिवस चालढकल केली. तिसऱ्या दिवशी तिनं सुताराला बोलावून अंगणात ठेवायला खुराडं करून घेतलं. त्याचा एक कप्पा चारी बाजूंनी बंद, झोपायचा. दुसरा पुढून जाळीचा, खायचा-फिरायचा. मधल्या फळीला ये-जा करायला भोक आणि वर उतरतं छप्पर.

थंडीला अजून दोन महिने होते. आई मामाच्या खोलीच्या खिडकीत नाकाला रुमाल लावून उभी राहायची आणि मामा अंगणात तिच्या हुकमाप्रमाणे गवत बदलायचा. हातानं नव्हे, कोळशाच्या लांब चिमट्यानं.

“बाळ्या, बॉम्ब नाहीये तो,” आई खिडकीतून म्हणायची. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला ती बाळ्या म्हणायची.

पहिली कडाक्याची थंडी पडली त्या आठवड्यात आईला हॉस्पिटलात न्यावं लागलं. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, बस डेपोत वेळापत्रकं लावते. मी पोचेपर्यंत तिला गाडीत आडवं केलं होतं. तोंडावरचा मुखवटा बाजूला करून ती मामाला सांगत होती. एकेका शब्दाला श्वास घेत.

“गवत हातभर जाड… वाळकं. रोज ओलं काढायचं. पाण्याची बाटली… गोठली का बघायचं. गरम पाण्याची पिशवी… फडक्यात गुंडाळून. दर पाच तासांनी. आणि दिवा लावायचा नाही. कळलं? आत दिवा… नाही.”

“नाही, नाही,” मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईचे कपडे न्यायला घरी गेले. मामा अंगणात खुराड्यासमोर उभा होता. कानाला मफलर, अंगावर दोन स्वेटर. तो हलत नव्हता. जाळीच्या कप्प्यात कुणी नव्हतं आणि झोपायच्या कप्प्याचं दार बंद होतं. त्याचा चेहरा पाहून मला कळलं की तो बराच वेळ तसाच उभा आहे.

“मामा, उघड ना.”

“काही आवाज नाही गं.”

“झोपल्या असतील.”

त्यानं बोट वाकवलं आणि फळीवर टकटक केली. “कुणी आहे का?”

काही नाही. वाऱ्यानं छपरावरचं एक वाळकं पान सरकलं तेवढंच. मला हसू येत होतं, पण त्याच्या ओठांचा रंग उडालेला पाहिला आणि मीही कान देऊन उभी राहिले. मग आतून शिटी आली, चिरकी, लांब, भुकेल्या पोराच्या हाकेसारखी, पाठोपाठ दुसरी. भोकातून बीकरचं काळं-पांढरं तोंड बाहेर आलं. मामा पायरीवर बसला आणि त्यानं मफलरनं तोंड पुसलं.

असं रोज सकाळी व्हायचं, नंतर त्यानं मला सांगितलं. रोज तो टकटक करायचा आणि शिटी येईपर्यंत मरून जायचा.

घाबरट माणूस आळशी नसतो. मामानं चार दिवसांत खुराड्याचा किल्ला केला. खाली विटा लावून ते फरशीवरून वीतभर उचललं. वाऱ्याकडे पाठ येईल असं भिंतीच्या कोपऱ्यात फिरवलं. मग वरून ताडपत्री, ताडपत्रीवर जुनी गोधडी, त्यावर पुन्हा ताडपत्री, आणि सगळीकडून दोरीनं करकचून बांधलं. फटींत चिंध्या कोंबल्या. पाचव्या दिवशी गोधडी उचलली तर आतल्या छतावर पाण्याचे थेंब, गवत दमट, आणि नरसाळी शिंकत होती.

तो जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावला. नरसाळीला खोक्यात घातलं इस्त्रीवालीनं. मामानं फक्त खोकं धरलं, तेही अंगापासून लांब. बाईंनी कानाला नळी लावून ऐकलं, औषधाचे थेंब दिले.

“थंडीपेक्षा ओल वाईट,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या श्वासाची वाफ जाणार कुठे? वर हवेला वाट ठेवा, खाली वारा लागू देऊ नका. आणि खरं म्हणजे एवढ्या थंडीत त्यांना घरातच घ्या.”

मीही त्याला तेच म्हटलं. आई हॉस्पिटलात, तिची खोली रिकामी. तिथं नको तर तुझ्या खोलीत घे. मामा एकदम ओरडला. तो ओरडलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

“ताई उद्या घरी आली तर? परवा आली तर? धूळ भरून ठेवू घरात?”

“अरे, डॉक्टर म्हणतात अजून निदान तीन आठवडे…”

“डॉक्टर काय म्हणतात ते मला सांगू नकोस. घर तिच्यासाठी स्वच्छ ठेवायचंय.”

मग माझ्या लक्षात आलं. तिघींना आत घेतलं म्हणजे ताई परत येणार नाही हे मान्य केल्यासारखं होईल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. अशा भीतीशी वाद घालता येत नाही. मी गप्प बसले. आज वाटतं, बसायला नको होतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी त्या खुणा दिसल्या.

सकाळी मामा पाणी बदलायला गेला तर पुढच्या दाराचा आकडा आपल्या कडीतून निघून लोंबत होता. दार मात्र उघडलं नव्हतं. आधीच्या आठवड्यातल्या ओलीनं लाकूड फुगून ते चौकटीत घट्ट बसलं होतं. नशीब म्हणायचं ते हेच. दाराच्या खालच्या कडेला दातांचे खड्डे होते, चार, ओले. जाळीचा एक कोपरा आतल्या बाजूला दबलेला आणि तारेत अडकलेली राखाडी केसांची बट. खुराड्याभोवतीच्या धुळीत गोल गोल फिरल्याच्या खुणा होत्या. जे आलं होतं ते घाईत नव्हतं.

आत तिघी एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसल्या होत्या. शिटी नाही, हालचाल नाही. गाजर टाकलं, तेही तसंच पडून राहिलं. मामानं डॉक्टरीणबाईंना फोन केला.

“बोका असेल, कुत्रं असेल, रानातलं काही उतरलं असेल,” त्या म्हणाल्या. “त्यांना शांत राहू द्या. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या. जनावर आत शिरायलाच पाहिजे असं नाही हो, बाहेर नुसतं बसून राहिलं तरी ही भीतीनं जातात.”

“भीतीनं?”

“हो. हृदय ते केवढं असतं त्यांचं!”

मामानं फोन ठेवला आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिला. संध्याकाळी चिमटीनं गाजर कुरतडायला सुरुवात केली, तिचं पाहून बाकीच्यांनी. तोवर मामानं दुकान बंद ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ती कोंबड्यांची पातळ जाळी उपटून टाकली आणि जाड, सांधे जोडलेली लोखंडी जाळी ठोकली. आकडा काढला. त्या जागी वर एक, मध्ये एक, खाली एक अशी तीन कुलपं बसवली, आणि तिन्हींच्या किल्ल्या वेगळ्या. झोपायच्या कप्प्याचं दार तर आतून स्क्रूनं कायमचंच बंद केलं. जाण्यायेण्याला एकच वाट. इस्त्रीवाली भिंतीवरून बघत होती.

“काय हो दोनदा, बोका किल्ल्या घेऊन येणार आहे की काय?”

“आकडा काढला त्यानं. आज आकडा, उद्या कडी.”

“आणि परवा बँक फोडेल!”

मामा हसला नाही. तिन्ही कुलपं ओढून बघितली, चार पावलं गेला, परत आला, तिन्ही ओढून बघितली.

त्यानंतर पारा उतरतच गेला. एका सकाळी बातम्यांत सांगितलं की आज दुपारनंतर पाणी गोठेल. आणि त्याच सकाळी नऊ वाजता मी मामाला फोन केला. आईच्या रक्तातला प्राणवायू घसरला होता. तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवायचं म्हणत होते.

“येतो, येतो,” मामा म्हणाला. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता.

घरातून निघताना त्याला एकच गोष्ट दिसत होती: गरम पाण्याची पिशवी पाच तासांत गार होणार आणि ती बदलायला घरी कुणी नसणार. इस्त्रीवालीला सांगावं तर ती कपडे पोचवायला गेली होती. तेव्हा त्यानं ते केलं, जे करू नको म्हणून आईनं श्वास तोडून तोडून सांगितलं होतं. दुकानातला जुना पिवळा दिवा काढला, त्याला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा घातला, लांब वायर ओढली आणि तिघी बाहेरच्या कप्प्यात खात असताना मधल्या भोकातून आत नेऊन झोपायच्या कप्प्यात छताला तारेनं टांगला. हात लावून पाहिलं, डबा फार तापत नव्हता. पुन्हा पाहिलं. मग तिन्ही कुलपं लावली.

हॉस्पिटलात आम्ही त्या रुंद, बंद दारासमोर बसलो होतो. आईला आत नेऊन चार तास झाले होते. दाराला वर गोल काच होती, पण तिच्यावर आतून कागद लावलेला. मामा उठून दारापाशी जायचा, उभा राहायचा, परत येऊन बसायचा. एकदा त्याचा हात उचलला गेलेला मी पाहिला, बोट वाकलेलं. पण त्यानं टकटक केली नाही. हात तसाच खिशात घातला.

चारच्या सुमाराला नर्स बाहेर आली. यंत्र लागलंय, सध्या स्थिर आहे, रात्र महत्त्वाची. मामानं मान हलवली आणि माझ्याकडे वळून एकदम म्हणाला, “मी दिवा लावलाय.”

“काय?”

“खुराड्यात. दिवा लावून आलोय मी.” आणि तो जवळजवळ पळत निघाला.

पुढचं मला थोडं त्यानं तुकड्यातुकड्यानं सांगितलं, थोडं इस्त्रीवालीनं. बस मिळेना म्हणून तो अर्धा रस्ता चालत आला, उरलेला धावत. अंधारून यायला लागलं होतं. दुकान, आईची खोली, स्वयंपाकघर, एकेक दार उघडत आत गेला आणि स्वतःच्या खोलीतच त्याला वास आला. गवत करपल्याचा, गोडसर.

अंगणात ताडपत्रीच्या वरच्या फटीतून, हवेसाठी म्हणून ठेवलेल्या वाटेतून, धुराची बारीक दोरी वर चढत होती. दिव्याची तार एका बाजूला ढिली होऊन डबा खाली लोंबला होता आणि गवताच्या ढिगात टेकला होता. ज्वाळा नव्हती. गवत आतल्या आत धुमसत होतं. त्यानं भिंतीतली पिन ओढून काढली. जाळीतून धूर येत होता आणि आतून आवाज, शिट्ट्या नव्हेत, दातांवर दात वाजल्यासारखा कटकट आवाज.

किल्ल्यांचा जुडगा त्यानं खिशातून काढला. वरचं कुलूप उघडलं. मधल्या कुलपाला खालची किल्ली लावली, ती फिरेना. काढली, तर जुडगा हातातून पडला. अंधारात फरशीवर चाचपून शोधला. हात असे थरथरत होते की किल्ली भोकाच्या भोवती नाचायची, आत जायची नाही. हजारो दारं उघडलेला माणूस, स्वतः बसवलेल्या कुलपासमोर. शेवटी किल्ली आत गेली, त्यानं जोरात पिळली आणि ती अर्धी तुटून कुलपातच राहिली.

मग आतला कटकट आवाज थांबला.

“तिथंच मी संपलो होतो,” मामा मला म्हणाला. “मला ते म्हातारे दिसले. दाराच्या आत. हात कडीकडे केलेला.”

तो ओरडला तेव्हा इस्त्रीवाली नुकतीच परतली होती. कपड्यांवर शिंपडायची पाण्याची कळशी हातात घेऊनच ती आली. तिनं पाणी जाळीतून आत फेकलं. धूर आणखीच उसळला. “अहो, कुलूप सोडा! दुसरीकडून काही करा!” ती किंचाळली.

दुसरीकडून. मामा सांगतो की त्या शब्दासरशी त्याचं डोकं जागेवर आलं. कुलूप कितीही दांडगं असलं तरी दार दुसऱ्या कडेला बिजागरीवर असतं. हे तो स्वतः गिऱ्हाइकांना सांगत आला होता. दुकानात पळाला, छिन्नी आणि हातोडा आणला आणि तिन्ही बिजागऱ्यांच्या पिना खालून वर ठोकून काढल्या. एक, दोन, तीन. हात तेव्हा थरथरले नाहीत. दार कुलपांवरच लोंबकळत बाजूला झालं.

आणि आता आत हात घालायचा होता. मधल्या फळीच्या भोकातून, धुरात, खांद्यापर्यंत, काही दिसत नसताना. चिमटा आणायला वेळ नव्हता. मामानं हात घातला. आधी गरम पत्रा लागला, बोटं भाजली. मग काहीतरी मऊ, केसाळ, ज्याच्या आत इवलंसं काहीतरी धाडधाड उडत होतं. ते ओढून त्यानं स्वेटरच्या आत घातलं. ती नरसाळी. पुन्हा हात घातला, बोटाला कडकडून चावा बसला. “चिमटी!” तो म्हणाला, आणि इस्त्रीवाली सांगते की तेव्हा तो रडत होता. तिसऱ्यांदा हात घातला तेव्हा बीकर भिंतीला टेकलेली सापडली. ती भाजली नव्हती. एक केसही जळला नव्हता. पण तिच्या आत काही उडत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यानं खुराड्याकडे पुन्हा पाहिलं नाही. दोघींना आपल्या खोलीत घेतलं, पलंगाखाली खोकं ठेवलं आणि डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. त्यांनी दोघींना तपासलं, मामाची बोटंही बांधली. बीकरला त्यानं भिंतीकडच्या मातीच्या पट्टीत पुरलं. जमीन गोठत चालली होती, छिन्नीनं उकरावी लागली.

त्यानंतर अकरा दिवस आई यंत्रावर होती. मामा रोज यायचा, त्या बंद दारासमोर बसायचा. आई जाईल ही भीती होतीच. पण त्याच्या पोटात आणखी एक भीती होती, तिची त्याला लाज वाटायची: आई वाचली तर तिला सांगावं लागेल.

बाराव्या दिवशी तिची नळी काढली. तेराव्या दिवशी आम्हाला दोघांना आत सोडलं. ती पाखरासारखी झाली होती, डोळे तेवढे तिचेच. मला बघून हसली. मग मामाकडे वळली.

“तिघी?” घशातून नुसता खर्रखर्र आवाज.

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच ‘नंतर’ म्हटलं. त्यानं ऐकलं नाही.

“दोघी,” तो म्हणाला. “बीकर गेली, ताई. मी दिवा लावला होता.”

आईनं डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. आता उशाशेजारच्या पडद्यावरचा आकडा खाली येईल, घंटा वाजेल. मी तिचा हात धरला. घंटा वाजली नाही. आईनं डोळे उघडले.

“सांगितलं होतं ना,” ती म्हणाली. मग श्वास घेतला. “सांगितलं होतं ना तुला, दिवा नाही म्हणून! गाढवा! अठ्ठावीस वर्षं… मी… शाळेत एक काडी पेटू दिली नाही… आणि तू… घरात…” ती इतकी चिडली की नर्स पळत आली आणि आम्हाला बाहेर जायला सांगू लागली. आईनं हात हलवून तिलाच थांबवलं. तिचं लक्ष मामाच्या बांधलेल्या बोटांकडे गेलं होतं.

“हे काय?”

“भाजलं. काढताना.”

“हातानं काढल्यास?”

“हो.”

“चावली?”

“चिमटी चावली. इथं.” त्यानं अंगठ्याजवळची खूण दाखवली.

“ती चावतेच,” आई म्हणाली. आणि भिंतीकडे तोंड करून बीकरसाठी रडली. नर्सनं आम्हाला बाहेर काढलं. दाराबाहेर मामा मला म्हणाला, “आवाज ऐकलास तिचा?” मी ऐकला होता. ओरडायला श्वास लागतो.

आई महिनाभरानं घरी आली, नाकाला नळी आणि शेजारी प्राणवायूचं घरघरणारं यंत्र घेऊन. ती आणखी दीड वर्ष जगली. ती यायच्या आधी मामानं आपली खोली तीनदा धुतली आणि दोघींना पुन्हा बाहेर नेलं, पण नव्या खुराड्यात. त्याला दुहेरी भिंती होत्या, मध्ये थर्माकोल भरलेला. छपराखाली हवेची जाळी होती. दोन्ही कप्प्यांना स्वतंत्र दारं, आणि प्रत्येक दाराला वर-खाली एकेक जाड सरकती कडी, कुलूप नाही. कुठल्याही जनावराला न सरकवता येणारी आणि माणसाला डोळे मिटून सरकवता येणारी कडी कशी असावी, यावर त्यानं सहा आठवडे घालवले होते. पुढच्या थंडीत तो दर पाच तासांनी पिशवी बदलायचा, आणि पारा फारच उतरला की खुराडंच उचलून बाहेरच्या बोळातून दुकानात आणायचा. दुकान आणि आईच्या खोलीमधलं दार त्यानं फटी बुजवून पक्कं करून घेतलं होतं. इस्त्रीवाली दुसरी बाजू धरायची.

मामा बदलला असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. तो तितकाच घाबरट आहे. जिन्यात अजून मागे वळून बघतो. ते राखाडी जनावर कोण होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही, आणि मामाच्या मते ते अजून याच भागात आहे.

परवा मी डेपोत असताना त्याचा फोन आला. “नरसाळी कालपासून कमी खातेय, कमी खातेय.” मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दात वाढले होते; डॉक्टरीणबाईंनी कापून दिले. परतताना बसमध्ये मामा खिडकीशी बसला होता, मांडीवर खोकं, झाकणाच्या फटीतून एक हात आत घातलेला. प्रत्येक गतिरोधकाला तो ड्रायव्हरच्या पाठीकडे असा बघत होता, की मला वाटलं आता हा उठून त्याला काहीतरी बोलणार.

“मामा, हळूच चालवतोय तो.”

“हळू चालवतोय,” मामा म्हणाला, “पण वळण यायचंय पुढे.”